दोन घटस्फोटांनंतरचे ‘पहिले’ लग्न

२९ मे २०२१ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये एक छोटेखानी लग्न लागले. करोनाच्या निर्बंधांमुळे वऱ्हाडी अवघे ३०. वधू कॅरी सायमंड्स ३३ वर्षांची, वर ५६ वर्षांचा. हा वर म्हणजे ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन. पदावर असलेला पंतप्रधान बोहल्यावर चढण्याचा प्रसंग त्या देशात १८२२ नंतर प्रथमच येत होता, त्यामुळे वृत्तपत्रांना आयताच विषय मिळाला. वधूचा पोशाख, पाहुण्यांची यादी यांवरची चर्चा दोन दिवसांत ओसरली. मागे उरला तो एक अवघड प्रश्न. जॉन्सन यांचे हे तिसरे लग्न. आधीच्या दोन्ही पत्नी हयात, आणि दोन्ही लग्नांचा शेवट घटस्फोटात झालेला. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल हे (जवळच्याच जगप्रसिद्ध ॲबीशी त्याची गल्लत करू नये) इंग्लंडमधील रोमन कॅथॉलिकांचे प्रमुख चर्च. जो पंथ घटस्फोट मानतच नाही, त्याच्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये दोनदा घटस्फोट घेतलेल्या माणसाचे लग्न लागलेच कसे?

याच देशात २००५ मध्ये युवराज चार्ल्स आणि कॅमिला या दोन घटस्फोटितांचा विवाह विंडसरच्या नगरभवनात नोंदणी पद्धतीने झाला होता. चर्चमध्ये नंतर झाली ती केवळ प्रार्थना. चर्च ऑफ इंग्लंड हा तुलनेने सैल मानला जाणारा पंथ. तेथे भावी राजाला जे मिळाले नाही, ते कडक समजल्या जाणाऱ्या कॅथॉलिक चर्चमध्ये पंतप्रधानांना मिळाले. साहजिकच अनेक श्रद्धाळू कॅथॉलिक दुखावले. घटस्फोटानंतर पुनर्विवाह करता येत नाही म्हणून वर्षानुवर्षे एकटे राहिलेले, किंवा पुनर्विवाह केला म्हणून मिस्सेच्या वेळी ख्रिस्तप्रसाद न घेता बाकावर बसून राहणारे हजारो स्त्रीपुरुष आहेत. बड्या माणसासाठी नियम वाकवला गेला, असे त्यांना वाटले तर नवल नाही. कॅथीड्रलने खुलासा केला तो एवढाच : वधू-वर दोघेही या धर्मग्रामाचे रहिवासी आहेत, दोघांचाही बाप्तिस्मा कॅथॉलिक आहे आणि चर्चच्या व देशाच्या कायद्याप्रमाणे आवश्यक ते सर्व सोपस्कार पुरे केले आहेत.

खुलासा खोटा नव्हता. नियम वाकवला गेला नव्हता, नियमच तसा आहे. तो तसा का आहे, त्याने कोण सुटतो आणि कोण अडकतो, हे पाहण्याजोगे आहे. हा प्रश्न लंडनपुरता नाही. मुंबई-वसईच्या कुटुंबांनाही त्याची धग लागते.

मोडले की झालेच नव्हते?

कॅथॉलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा घेतलेल्या दोघांचा रीतसर झालेला आणि सहजीवनाने पूर्ण झालेला विवाह फक्त मृत्यूने संपतो. न्यायालयाच्या हुकुमाने पैशाअडक्याचे, मुलांच्या ताब्याचे प्रश्न सुटतील, पण चर्चच्या दृष्टीने गाठ कायम राहते. म्हणूनच चर्चपुढे घटस्फोटित आला की त्याला ‘लग्न मोडले का?’ असे विचारत नाहीत. ‘ते लग्न मुळात झाले होते का?’ असे विचारतात. पंथाबाहेरच्याला हा शब्दच्छल वाटेल. पण सारा कायदा याच एका प्रश्नावर उभा आहे. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात पोपशी वैर पत्करले तेही आजच्या अर्थाच्या घटस्फोटासाठी नव्हते. कॅथरिनशी आपला विवाह झालाच नव्हता असे पोपने जाहीर करावे, ही त्याची मागणी होती.

विवाह ‘होण्यासाठी’ तीन गोष्टी लागतात. दोघेही विवाहास पात्र हवेत, म्हणजे वय, नाते, आधीचे लग्न अशी आडकाठी नको. दोघांची संमती खरी, मोकळी आणि समजून-उमजून दिलेली हवी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विधी : कॅथॉलिक व्यक्तीचे लग्न अधिकार असलेला बिशप, धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासमोर, दोन साक्षीदारांदेखत लागले पाहिजे. बिशपने सूट दिली नसेल आणि हा विधी चुकला असेल, तर चर्चच्या दप्तरी ते लग्न झालेले नसते.

या तिसऱ्या अटीचा इतिहास मोठा बोलका आहे. मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना वचन दिले की लग्न झाले, असे चर्चच मानत असे. धर्मगुरू नको, साक्षीदार नकोत. मग मळ्यात, खानावळीत, अंधाऱ्या जिन्यात वचने दिली जात. उद्या नवरा ‘मी असे काही बोललोच नाही’ म्हणाला की पोरीजवळ पुरावा नसे. आणि तोच माणूस चारचौघांत दुसरीशी लग्न लावून मोकळा होई. ही फसवणूक थांबवण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ‘टामेत्सी’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम काढला आणि धर्मगुरू व साक्षीदार अनिवार्य केले. हा हुकूम जेथे जाहीर झाला तेथेच लागू होता. पुढे दहावे पोप पायस यांच्या कारकिर्दीत १९०७ मध्ये नवा हुकूम निघाला आणि १९०८ च्या ईस्टरपासून ही अट जवळजवळ साऱ्या जगातील कॅथॉलिकांवर आली. तात्पर्य, फसवल्या जाणाऱ्या बायकांना संरक्षण मिळावे म्हणून हे कुंपण घातले गेले. त्याच कुंपणाला चार शतकांनी कोणते दार निघाले ते आता पाहू.

सांगून गेलेला आणि न सांगता गेलेला

जॉन्सन यांचा बालपणी कॅथॉलिक बाप्तिस्मा झाला होता. ईटनच्या शाळेत असताना त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडचा दृढीकरण संस्कार घेतला, म्हणजे लौकिकार्थाने पंथ बदलला. १९८७ मध्ये ॲलेग्रा मॉस्टिन-ओवेन यांच्याशी त्यांचे पहिले लग्न झाले आणि १९९३ मध्ये मरीना व्हीलर यांच्याशी दुसरे. मरीनाबाईंच्या मातोश्री फाळणीपूर्व पंजाबातल्या सरगोध्याच्या शीख घराण्यातल्या. हा दुसरा संसार पंचवीस वर्षे चालला, चार मुले झाली आणि २०२० मध्ये रीतसर घटस्फोट झाला. या दोहोंपैकी एकही लग्न कॅथॉलिक विधीने लागले नव्हते. चर्चच्या कायद्याच्या जाणकारांनी जो उलगडा केला तो असा : बाप्तिस्म्याने जॉन्सन कॅथॉलिक, कॅथॉलिकाला विधीचे बंधन, विधी झाला नाही, सबब दोन्ही लग्ने झाली नाहीत. २०२१ मधला विवाह चर्चच्या हिशेबी त्यांचा पहिला.

येथे कोणीही विचारील की, माणूस पंथ सोडून गेल्यावर त्या पंथाचे नियम त्याला कसे लागू? प्रश्न रास्त आहे, आणि चर्चलाही तो पडला होता. २७ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात आलेल्या नव्या धर्मसंहितेत एक सवलत घातली गेली : ज्याने ‘औपचारिक कृतीने’ कॅथॉलिक चर्च सोडले आहे, त्याला विवाहविधीची ही अट लागू नाही. हेतू उदार होता. जो आपल्यात राहिलेला नाही त्याचे लग्न आपल्या नियमासाठी रद्द ठरू नये. पण औपचारिक कृती म्हणजे काय, हे संहितेने सांगितलेच नाही. दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागणे? जर्मनीत चर्चसाठी प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के जादा कर द्यावा लागतो आणि तो टाळण्यासाठी लोक सरकारी कचेरीत जाऊन ‘मी चर्च सोडले’ असे नोंदवून येतात. ती नोंद म्हणजे औपचारिक कृती काय? वीस-बावीस वर्षे निरनिराळ्या देशांत निरनिराळी उत्तरे दिली जात होती.

अखेर १३ मार्च २००६ रोजी व्हॅटिकनने परिपत्रक काढून तीन कसोट्या सांगितल्या. चर्च सोडण्याचा मनापासून निश्चय हवा, तो प्रकट केलेला हवा, आणि चर्चच्या अधिकाऱ्यापुढे लेखी मांडून त्याने तो स्वीकारलेला हवा. नुसती करकचेरीतली नोंद पुरेशी नाही. मग शाळकरी वयात दुसऱ्या पंथाचा संस्कार घेणे पुरेसे नाही, हे ओघानेच आले. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २६ ऑक्टोबर २००९ च्या आज्ञापत्राने ती सवलतच काढून टाकली. जेथे कॅथॉलिक थोडे आहेत किंवा जेथील विवाहकायदे अन्यायकारक आहेत, तेथे ही सवलत धर्मत्यागाला उत्तेजन देते, असे एक कारण त्यांनी दिले. दुसरे कारण अधिक मानवी होते. चर्च सोडून बाहेर लग्न केलेला, ते लग्न फसलेला आणि आता परत येऊन नव्याने संसार थाटू पाहणारा माणूस या सवलतीमुळेच अडकत होता. बाहेरचे त्याचे लग्न चर्चने वैध मानलेले असल्यामुळे त्याला नवे लग्न करता येत नव्हते. ८ एप्रिल २०१० पासून सवलत संपली. तेव्हापासून विवाहविधीपुरता नियम असा की, एकदा कॅथॉलिक तो कायमचा कॅथॉलिक.

याचा परिणाम नीट ध्यानात घ्यावा. १९८३ ते २०१० या काळात दोन माणसांनी चर्च सोडले असे समजा. एकाने बिशपला पत्र लिहिले, पोच घेतली आणि मग नोंदणी कचेरीत लग्न केले. दुसरा नुसताच जायचा थांबला आणि त्याच कचेरीत त्याने लग्न केले. दोघांचेही पुढे घटस्फोट झाले. आता दोघांनाही चर्चमध्ये लग्न करायचे आहे. सरळपणे सांगून गेलेल्याचे पहिले लग्न वैध धरले जाते आणि त्याला न्यायमंडळापुढे उभे राहावे लागते. न सांगता गेलेला मोकळा असतो. जॉन्सन यांची दोन्ही लग्ने याच २६ वर्षांतली. ईटनचा तो संस्कार ‘औपचारिक कृती’ ठरला असता, तर वेस्टमिन्स्टरमधले लग्न असे सहजासहजी लागले नसते.

कोणाची सुटका, कोणाला बेडी

आणखी एक विसंगती पाहा. दोन अँग्लिकनांचे किंवा दोन प्रॉटेस्टंटांचे लग्न, मग ते त्यांच्या चर्चमध्ये लागो वा कचेरीत, कॅथॉलिक चर्च वैध मानते. कारण विधीचे बंधन कॅथॉलिकांवर, इतरांवर नाही. त्यामुळे घटस्फोटित प्रॉटेस्टंटाला कॅथॉलिक व्यक्तीशी लग्न करायचे असेल, तर आधीचा विवाह शून्य ठरवून घ्यावा लागतो. म्हणजे आपल्या पंथाचे नियम इमानाने पाळणारा परका बांधलेला आणि आपल्या पंथाचा नियम न पाळलेला घरचा माणूस मोकळा!

राजघराण्यांतली दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. स्पेनच्या आजच्या राणी लेतिसिया यांचे पहिले लग्न १९९८ मध्ये केवळ नोंदणी पद्धतीने झाले होते. पुढच्याच वर्षी घटस्फोट झाला, आणि २००४ मध्ये माद्रिदच्या कॅथीड्रलमध्ये युवराज फेलिपे यांच्याशी त्यांचा विवाह थाटात लागला. याउलट मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन. त्यांचे १९७८ मधले लग्न चर्चमध्ये रीतसर लागले आणि दोनच वर्षांत मोडले. चर्चने ते शून्य ठरवले १९९२ मध्ये. मधल्या काळात त्यांनी १९८३ मध्ये नोंदणी पद्धतीने पुन्हा लग्न केले, तीन मुले झाली, आणि १९९० मध्ये अपघातात पतीही गेले. चर्चचा निकाल आला तेव्हा ज्या संसारासाठी तो हवा होता तो संसारच उरला नव्हता. एकीला विधी झाला नव्हता म्हणून वाट मोकळी मिळाली, दुसरीला विधी झाला होता म्हणून थांबावे लागले. राजकन्येची ही कथा, तर सामान्य घरातल्या बाईचे काय?

चर्चमध्ये रीतसर लग्न झालेली स्त्री, जिला नवरा टाकून गेला आहे, तिला पुन्हा लग्न करायचे असेल तर धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे अर्ज द्यावा लागतो. संमती खरी नव्हती, दडपणाखाली होती, वैवाहिक जबाबदाऱ्या पेलण्याची मानसिक कुवतच दोघांपैकी एकात नव्हती, असे काही सिद्ध करावे लागते. साक्षीदार आणायचे, जुन्या जखमा उकलायच्या, प्रसंगी मानसशास्त्रज्ञाचा अभिप्राय घ्यायचा. १७४१ पासूनची रीत अशी होती की, एका न्यायमंडळाने लग्न शून्य ठरवले तरी दुसऱ्याने दुजोरा दिल्याखेरीज सुटका नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही दुजोऱ्याची अट रद्द केली, उघड-उघड शून्य असलेल्या विवाहांसाठी बिशपपुढे संक्षिप्त सुनावणीची सोय केली आणि काम शक्यतो विनामूल्य व्हावे असे सुचवले. ८ डिसेंबर २०१५ पासून हे बदल अमलात आले. वाट पुष्कळ सुकर झाली, तरीही ती साक्षीपुराव्याची वाट आहे. विधीच न झालेल्या लग्नाचे काम मात्र बहुधा कागदपत्रांवर भागते : बाप्तिस्म्याचा दाखला, नोंदणी विवाहाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा.

हे सारे वाचून ‘त्यांच्या धर्मातच असले घोळ’ असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. विधी अपुरा म्हणून माणूस सुटला, याचे नमुनेदार उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप होता आणि शिक्षाही झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये निकाल दिला की, दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झालेले नाही, सबब कायद्याच्या अर्थाने दुसरे लग्न झालेच नाही, आणि म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही. पहिल्या पत्नीवर अन्याय झाला होता, तो काही नाहीसा झाला नाही, आणि दुसरी तर पत्नीच ठरली नाही. विवाह विधीवर उभा केला की विधीच्या फटीतून निसटणारे निघतातच. धर्म कोणता, याने फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडची दोन दारे

भारतीय कॅथॉलिकाला दोन दारांतून जावे लागते आणि एका दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह शून्य ठरवला, म्हणजे आपण कायद्यानेही मोकळे झालो, अशी समजूत अजूनही आढळते. ती घातक आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. स्त्रीचे पहिले लग्न चर्चने शून्य ठरवले होते आणि तेवढ्यावर विसंबून दुसरे लग्न झाले होते. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर पहिले लग्न कायम आहे. दुसरे लग्न रद्द ठरले. चर्चच्या निकालांना कायद्याची मान्यता मिळावी, अशी याचिका पुढे आली. तीही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली.

देशाच्या कायद्याचे दार तरी कोठे रुंद होते? २००१ च्या दुरुस्तीपर्यंत ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या विषमतेवर बोट ठेवले, आणि २००१ मध्ये संसदेने दोघांना समान कारणे दिली, परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोयही केली. तेव्हा आज कायद्याचे दार उघडते. त्यानंतर चर्चच्या दाराशी उभे राहायचे असते.

मुंबईतल्या आणि वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक घरांत आता मिश्र विवाह नवलाचे राहिलेले नाहीत. कॅथॉलिक मुलगा आणि हिंदू मुलगी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करतात, हॉलवर जेवण देतात, संसार सुरू होतो. बिशपची सूट घेतलेली नसेल तर चर्चच्या हिशेबी हे लग्न झालेले नसते, याची त्या मुलीला कल्पनाही नसते. पुढे दुर्दैवाने घटस्फोट झाला, तर मुलगा चर्चमध्ये नव्याने लग्न लावू शकतो, आणि तिच्या कानावर येते की त्याचे हे ‘पहिलेच’ लग्न आहे! कायद्याने तिचे काही बिघडत नाही. ती घटस्फोटित पत्नी असते, तिचे हक्क आणि मुलांचे औरसपण अबाधित असते. पण आठ-दहा वर्षांच्या संसारावर कोणी ‘झालेच नव्हते’ असा शिक्का मारला की माणसाला काय वाटते, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. म्हणून अशा जोडप्यांनी लग्नाआधीच चौकशी करावी. हिंदू जोडीदाराशी विवाहाला बिशप सूट देऊ शकतात. चर्चमधल्या विधीपासूनही सूट मिळू शकते. नोंदणी आधी झाली असेल, तर नंतरही ते लग्न चर्चच्या दृष्टीने वैध करून घेता येते. मुलांच्या बाप्तिस्म्याबद्दल कॅथॉलिक जोडीदाराला वचन द्यावे लागते, आणि ते दुसऱ्याला आधी सांगायला हवे असा नियमच आहे. या गोष्टी साखरपुड्याच्या आधी बोलाव्यात, घटस्फोटाच्या वेळी नव्हे.

विसरलेले कलम

या सगळ्या गुंत्यात एक कलम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संहितेच्या १०७१ व्या कलमात सांगितले आहे की, आधीच्या सहवासातून ज्याच्यावर दुसऱ्या व्यक्तीविषयी किंवा मुलांविषयी नैसर्गिक कर्तव्ये आली आहेत, त्याचे लग्न धर्मगुरूने बिशपच्या परवानगीवाचून लावू नये. म्हणजे ज्या चर्चने ‘ते लग्न झालेच नव्हते’ म्हटले, तेच चर्च ‘पण जबाबदारी झाली होती’ असेही म्हणते. लग्न शून्य ठरले तरी त्यातली माणसे शून्य होत नाहीत. पोटगी, मुलांचे शिक्षण, आजारपणातला आधार हे हिशेब चुकते केल्याखेरीज नवे लग्न लावायचे नाही, असा या कलमाचा भावार्थ काढता येतो.

विधीचा नियम उद्या काढून टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. अंधाऱ्या जिन्यातल्या वचनांच्या काळाकडे परत जाण्यात शहाणपण नाही. पण हे विसरलेले कलम दाराच्या कडीसारखे वापरता येईल. घटस्फोटित कॅथॉलिक ‘माझे ते लग्न कचेरीतले होते’ असे सांगत धर्मगुरूकडे येईल, तेव्हा दाखल्यांच्या जोडीला एक प्रश्न दर वेळी, लहानमोठा न पाहता, विचारला जावा : त्या बाईचे, त्या मुलांचे तू काय केलेस? उत्तर समाधानकारक असेल तर लग्न खुशाल लागावे. तसे झाले तर नियम पाळून थांबलेल्यांना आपण फसलो असे वाटणार नाही, आणि जिचा संसार कागदावर पुसला गेला तिलाही निदान एवढे कळेल की, तो झाला होता हे कोणीतरी विचारात घेतले. पंतप्रधान असो की पालघरचा मासेमार, चर्चच्या दारात हा एक प्रश्न दोघांना सारखाच विचारला गेला पाहिजे.